जिन्याखालच्या खोलीतला गुंड्या

मित्रांनो, मी खंडाळ्यातल्या एका बंगल्याचा जुना राखणदार आहे. नाव गुंड्या. अंगाने लांबट, पायाने बुटका. बंगल्याची देखभाल करणाऱ्या कोंडाजीआबांनी मी पिल्लू असताना मला वडिवळ्याहून पिशवीत घालून आणलं, तेव्हा वाटेत मी ती पिशवीच कुरतडली. त्याला नऊ वर्षं झाली. घर उतारावर, फाटक खाली, मध्ये अठ्ठावीस पायऱ्या. कुणी आलं की मी त्या धडाधड उतरायचो. "आमच्याकडे बेल लावायची गरजच नाही," असं वासंतीताई पाहुण्यांना कौतुकाने सांगायच्या. घर त्यांचं, त्या एकट्याच राहतात.

गेल्या दिवाळीनंतर माकडांमागे धावताना मी कठड्यावरून उडी मारली आणि कमरेत कळ गेली. रक्त नाही, जखम नाही. कुणाला काही दिसलंच नाही.

मग मी पायऱ्यांपाशी अडू लागलो. बसताना एक पाय बाजूला पसरायचा. उठताना पुढचे पाय रोवून मागचं अंग कसंबसं ओढावं लागायचं. चालताना मागची नखं फरशीवर खरखर घासायची. "म्हातारा झाला, आळसावला," असं वासंतीताई म्हणाल्या. मला फार लागलं ते. पण सांगणार कसं?

नाताळच्या सुट्टीत त्यांची दहा वर्षांची नात कौमुदी तळेगावहून आली. आल्याआल्या तिने मला नेहमीसारखं पुढच्या पायांखाली धरून उचललं. मागचं अंग लोंबकळलं, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी तिच्या हातावर तोंड टाकलं. दात लागले नाहीत, पण ती किंचाळली.

वासंतीताईंनी मला जिन्याखालच्या खोलीत कोंडलं.

"आज पोरीच्या अंगावर गेला, उद्या काय करेल? वराळ्याला दूधवाल्या गोरखच्या गोठ्यावर पाठवून देऊ. तो ठेवेल बांधून."

"बाई, त्यो तसा न्हाई वो," कोंडाजीआबा म्हणाले.

"मग कसा आहे? तुमच्या डोळ्यांसमोरच झालं ना?"



दोन दिवस मी तिथे होतो. रंगाचे डबे, जुनी गादी, दाराला जाळी. खोली एवढीशी, की वळायचं म्हटलं तरी कमर पिळायची. पण दार उघडलं असतं, तरी मी कुठे पळणार होतो? दुखणं माझ्यासोबतच आलं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कौमुदीने जाळीच्या फटीतून दूध-भाकरीची ताटली आत सरकवली. मी उठलो. चार पावलं टाकली असतील.

"कोंडाजीआबा, लवकर या! याचा पाय उलटा पडतोय! आणि नखं बघा, फक्त मागचीच झिजलीत."

आबा आत येऊन गुडघ्यांवर बसले. त्यांनी तळहात मानेपासून हळूहळू मागे नेला. कमरेशी येताच मी गुरगुरलो. त्यांनी हात हलकेच उचलला.

"बाई, हितं हात लागला की गुरगुरतोय. ह्यो राग न्हाई. लय दुखतंय त्याला."

वासंतीताई दारातच थबकल्या. "दोन महिने मी याला आळशी म्हणतेय," एवढंच त्या पुटपुटल्या. घाईघाईने स्वतःच्या गुडघेदुखीची गोळी काढली, पण आधी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला ते बरं झालं. "माणसांची गोळी अजिबात नको," लोणावळ्याच्या डॉक्टर आसावरी म्हणाल्या. "पाठ वाकू न देता फळीवर निजवून आणा."

दवाखान्यात डॉक्टरांनी माझा मागचा पंजा उलटा टेकवला. तो तसाच राहिला. मला कळलंही नाही.

"मणक्यात नस दबली आहे. आणखी उशीर झाला असता, तर मागचे दोन्ही पाय गेले असते."

औषधं मिळाली, आणि सहा आठवडे पुन्हा कोंडून राहणं. या वेळी बैठकीच्या खोलीत, लाकडी कुंपणात, वासंतीताईंच्या खुर्चीशेजारी. उडी नाही, पायऱ्या नाहीत. पोटाखाली टॉवेलचा झोका धरून आबा मला अंगणात न्यायचे. तोही तुरुंगच होता. माकडं खिडकीत येऊन बसायची आणि मी आतून नुसता भुंकायचो. पण दुखणं दिवसेंदिवस उतरत गेलं.

आता मी चालतो. उजवा पाय थोडा वाकडा पडतो. पायऱ्या कायमच्या बंद. मी बाहेर आलो त्या रविवारी कौमुदी आली होती. तिने मला उचललं नाही. ती जमिनीवर बसली आणि म्हणाली, "तूच ये."

मी गेलो.

मित्रांनो, तुमच्या घरचं कुत्रं एकाएकी चिडकं झालं, जिन्यापाशी अडलं, उचलताना गुरगुरलं, तर दार लावण्याआधी त्याची चाल नीट बघा आणि त्याला डॉक्टरांकडे न्या. मी जिच्यावर तोंड टाकलं, तीच पोर माझ्याकडे बघायला परत आली. सगळ्यांच्या जाळीपाशी कुणी येतंच असं नाही.