मोराची खोली

"मोर आला गं अंगणी, द्या गं त्याला गार पाणी," तांदूळ पाखडताना आई गायची. तिचा मोर म्हणजे माझा दादा. मी ती ओवी गुणगुणते, हे ऐकून आमच्या यांनी माझ्या साठीला खरा मोरच आणला, अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावच्या घरी! आणि सोडला थेट माझ्या कोंबड्यांत.

"अहो, आधी व्हेटला विचारा."

"पक्षीच ना? राहतील एकत्र."

महिन्याभरात मोर आजारी पडला, मलूल होऊन बसला. व्हेट म्हणाली, कोंबड्यांच्या विष्ठेतून रोग लागतो; त्या तगतात, मोर दगावतो. औषध द्या आणि त्याला वेगळा ठेवा.

"तुझ्या कोंबड्यांनी घात केला," हे म्हणाले.

माझ्या कोंबड्यांनी! त्या का गेल्या होत्या मोराला आवतण द्यायला?

संध्याकाळी पाहते तर यांनी आपल्या ऑफिसच्या खोलीतलं टेबल, कॉम्प्युटर, सगळं हॉलमध्ये काढलेलं. आत गवत अंथरलेलं, हीटर लावलेला, मधोमध मोर.

"आजारी पाहुणा आहे गं. त्याला स्वतंत्र खोली नको?"

माझ्या हातात मोरासाठी आणलेलं पाणी होतं. मी वाडगा त्याच्यापुढे ठेवला, त्या मुक्या जिवाचा काय दोष! मग वळले.

"दादा एकदाच आला अमेरिकेत. तेव्हा ही खोली रिकामी होत नव्हती, तुमचे कॉल असायचे. माझ्या सख्ख्या भावाला तुम्ही मोटेलमध्ये झोपवलंत. तेव्हा गप्प बसले, पण ते मला अजून सहन झालेलं नाही."