गोधडीतला भात

पंख्याच्या बटणाचा पांढरा रंग एवढासा उडालेला – नेमका तिच्या बोटाएवढा. मोरीत शिरायचं झालं तरी पंखा बंद करायचा, इतकी वर्षं... उत्तरानं आताही तो बंद केला, खाटेवरच्या गाठोड्याकडे पाहिलं आणि स्वतःलाच म्हणाली, लबाड कुठली! सून घरात आल्यापासून भात अगदी शेवटपर्यंत गॅसवर शिजत होता, कारण मुकुलनं लग्नाआधीच बजावलं होतं, "आई, अबोलीसमोर तुझा तो गोधडीतला भात नको हं. मुलुंडला सोसायटीत वाढलीय ती. हसेल." आणि सुनेनं हसायला नको होतं – म्हणजे हसायला हवंच होतं, पण सासूला नव्हे... तरी ती जळती ज्योत पाहून जीव नुसता कासावीस व्हायचा. जित्याची खोड! आज घरात कुणी नव्हतं. तिनं भाताला चांगली उकळी आणली, गॅस बंद केला आणि झाकणासकट पातेलं जुन्या गोधडीत तान्ह्या पोरासारखं घट्ट गुंडाळून खाटेवर ठेवलं होतं. आता तो आपला आपण शिजणार होता.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. अबोली! मॉलमधल्या दुकानात उभं राहून राहून कंबर धरली, म्हणून लवकर सुटून आली होती. पंखा लावून ती खाटेवर बसली आणि मागे सरकून थेट गाठोड्यालाच टेकली.

"आई, हे गरम कसं हो?"

"ऊन... ऊन आलं असेल."

घाटकोपरच्या डोंगरावरच्या त्या बोळात, जिथं भर मे महिन्यातही कपडे वाळता वाळत नाहीत, तिथं ऊन! अबोलीनं गोधडीला नाक लावलं.

"उन्हाला भाताचा वास येतोय."

उत्तराचा चेहरा खर्रकन उतरला. "काढते गं मी. तू जरा ऊठ –"

"राहू द्या ना! कंबर काय झकास शेकतेय. रोज ठेवत जा."

रोज... खरंच म्हणाली, की सासूची लाज राखली? विचारावं तर पोरगी टेकल्या टेकल्या डोळे मिटून गाढ झोपलेली. संध्याकाळी मुकुलला सांगेल, दोघं पोट धरून हसतील... हसू देत. पण माहेरी फोनवर सांगितलं तर?... मोरीकडे जाता जाता उत्तराचं बोट सवयीनं बटणावर गेलं – अगं बाई, पोर निजलीय! – आणि तसंच मागं आलं. भांडी राहिली. ती खाटेच्या दुसऱ्या टोकाला हळूच टेकली. मानेवर वारा आला. भर दुपारी, रिकाम्या हातानं, पंख्याखाली – हे सुख तिनं स्वतःला कधी दिलंच नव्हतं, आणि आता ते घेताना तिला चक्क हसू येत होतं. भात केव्हाच झाला असेल. उठायला हवं... उठू.