उसनं नाक

खतीजाला ताप आला, आठवड्याने उतरला, पण वास काही परत आला नाही. आधी तिला वाटलं, सर्दी आहे, जाईल. मग एके दिवशी तिने आंबलेली डाळ मुलीच्या डब्यात भरून दिली. हाफिजाने शाळेतून आल्यावर डबा उघडून आईच्या नाकाशी धरला. खतीजाला काही म्हणजे काही कळलं नाही. जिभेला खारट कळत होतं, तिखट झोंबत होतं. बाकी सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं.

"येईल हळूहळू. काही आठवडे, काही महिने," डॉक्टर म्हणाले.

पाच आठवडे झाले. त्यातच अबू धाबीहून साजिदा आपाचा फोन आला. आपा म्हणजे खतीजाच्या नवऱ्याची, मुश्ताकची थोरली बहीण. "शुक्रवारी जुम्म्यानंतर पोचतो. बाकी काही करू नकोस, फक्त तुझं बड्याचं कालवण कर. इथून मुसफ्फापासून तुमच्या खोर फक्कानपर्यंत गाडी हाकायची ती त्याच्यासाठीच."

खतीजा "या ना" म्हणाली आणि फोन ठेवून पलंगावर बसली. श्रीवर्धनहून लग्न होऊन इथे आखातात आली तेव्हा हीच नणंद तिच्या स्वयंपाकाला नाक मुरडायची, आणि याच कालवणाने शेवटी नरमली होती. मुश्ताक म्हणाला, "हॉटेलातून मागवू." तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्याने पोर्टवर ड्युटीला निघून गेला.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता तिने समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. मंजुषा पुण्याची. तिचा नवरा चारुदत्त पोर्टच्याच ऑफिसात होता. चार वर्षांचा शेजार. दिवाळीचा फराळ आणि ईदचा शीरखुर्मा यांची नियमित ये-जा. पण मंजुषा शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

"मंजुषाताई, तुमचं नाक दोन तास उसनं द्याल?" खतीजाने विचारलं आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "आधीच सांगते, बड्याचं आहे, म्हणजे बीफ. तुम्हाला नको वाटलं तर अजिबात संकोच करू नका. मी राग धरणार नाही."

 मंजुषाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग म्हणाली, "भाभी, हात लावणार नाही, चव बघणार नाही. आणि खिडकी उघडी ठेवायची. वास घ्यायला मला आजवर कुणी मनाई केलेली नाही. चला."

खतीजाने मांस आदल्या रात्रीच दही, हळद, आलं-लसूण लावून ठेवलं होतं. मंजुषा स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली, एक पाय बाहेर. पण तव्यावर सुकं खोबरं पडलं, आणि तिचा दुसरा पाय आपोआप आत आला.

"अजून नाही. अजून नाही… आता काढा! लगेच!"

मग धणे. मग खसखस, बडीशेप, लवंग, दालचिनी. दगडफूल तापलं तशी मंजुषा थेट तव्यावर वाकली. "अहो, हा तर आमच्या गोड्या मसाल्याचा वास! आमच्या आमटीत आणि तुमच्या कालवणात एकच दगडफूल?"

"मग काय, दगडफुलाला कुठे धर्म असतो," खतीजा म्हणाली, आणि दोघी हसल्या.

कांदा तपकिरी झाला, वाटण तेलात पडलं, त्यावर मांस. मांस परतताना मंजुषा खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. नाक मात्र इमानाने कामावर होतं. "कच्चा लसूण येतोय अजून," ती तिथूनच ओरडायची. "हं, आता गेला."

पाणी घालून, झाकण ठेवून, गॅस बारीक केल्यावर मंजुषा म्हणाली, "आता तासभर माझं काम नाही. मी घरी मटकीची उसळ टाकून येते."

उसळीला फोडणी देऊन झाली आणि मंजुषाचा हात थांबला. दाराखालून काहीतरी येत होतं. तिने दार उघडलं, पॅसेजमध्ये हुंगलं, आणि अनवाणी पळत जाऊन समोरची बेल दाबून धरली.

"भाभी, गॅस बंद करा! खाली लागलंय!"

खतीजा टोपापासून दोन हातांच्या अंतरावर उभी राहून निवांत कोथिंबीर निवडत होती. दार उघडून ती धावत परत आली, गॅस बंद केला, झाकण काढलं. रस्सा आटून कडेला काळी रेघ आली होती. ती मटकन स्टुलावर बसली. "मी इथेच होते हो. इथेच उभी होते." तिचे डोळे भरून आले.

"रडायचं नंतर. दुसरा टोप कुठे आहे?"

वरचं वरचं, तळ न खरवडता, खतीजाने दुसऱ्या टोपात काढलं. गरम पाणी घातलं, बटाटे टाकले. सुदैवाने मांस छान शिजलं होतं. मंजुषाने दोनदा हुंगून मान हलवली. "खरं सांगू? किंचित करपट आहे अजून."

खतीजा विचारात पडली. मग तिने बाल्कनीतून पिशवी आणली. समुद्रावर बार्बेक्यूला नेतात ते कोळसे. एक कोळसा गॅसवर लाल केला, वाटीत ठेवून वाटी रश्शात तरंगत सोडली, वर तुपाचे चार थेंब टाकले आणि चर्र होताच झाकण दाबलं. पाच मिनिटांनी उघडलं.

मंजुषाने डोळे मिटून श्वास घेतला. "करपट गेलं! म्हणजे गेलं नसेल, पण आता मुद्दाम केल्यासारखं वाटतंय."

पाहुणे अडीचला आले. साजिदा आपाने पहिला घास घेतला, थांबली, दुसरा घेतला. "खतीजा, हे धुंगार द्यायचं कधीपासून सुरू केलंस? पहिल्यापेक्षा सरस झालंय."

"हल्लीच" म्हणून सुटता आलं असतं. पण खतीजाला राहवेना. तिने वास गेल्यापासून करपलेल्या टोपापर्यंत सगळं सांगून टाकलं. आपाने हातातला घास खाली ठेवला.

"पाच आठवडे? आणि मला एक फोन नाही? मी काय फक्त जेवायला येणारी बाई आहे?" आपा खरोखरच रागावली होती. मग म्हणाली, "आणि ती नाकवाली कुठे आहे? तिला बोलाव आधी."

मंजुषा आपली उसळ आणि पोळ्या घेऊन आली, आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला हसत बसली. आपाने उसळ अर्धी संपवली.

खतीजाने स्वतःच्या ताटात वाढून घेतलं. भाकरी बुडवली, चावली. मऊ मांस, गरम रस्सा, झोंबणारी मिरची. त्यापुढे काही नाही. "कसं लागतंय, मला सांगा ना कुणीतरी," ती म्हणाली.

"चांगलं आहे," मुश्ताक म्हणाला.

"अब्बा, दॅट्स नॉट अ‍ॅन आन्सर!" हाफिजा म्हणाली. "ममा, इट्स स्मोकी. अँड देन स्वीट, फ्रॉम द कोकोनट. अँड देन इट किक्स यू."

"थांब, मी सांगते," आपा खुर्ची पुढे ओढत म्हणाली. "श्रीवर्धनला आमच्या मागच्या अंगणात चुलीवर टोप चढायचा, वर सुपारीच्या झावळ्या हलत असायच्या, आणि आम्ही पोरं भाकरी हातात घेऊन आधीच बसलेलो असायचो. त्या टोपाचं झाकण पहिल्यांदा उघडलं की जे यायचं, तसं लागतंय."

खतीजाने ते सगळं ऐकत ऐकत भाकरी संपवली आणि हाफिजापुढे ताट सरकवलं. "आणखी दोन तुकडे वाढ. नळी असेल तर ती पण."