एका वर्गाला दोन मास्तर

ही गोष्ट कुणालाच खरी वाटत नाही. नवे शिक्षक रुजू झाले की दर वर्षी शिक्षकखोलीत ती निघते, आणि ऐकणाऱ्यांच्या भुवया वर चढत चढत केसांत हरवतात. खुशाल हरवू द्याव्यात. ज्यांच्यामुळे हे घडलं, त्या जिल्हा शिक्षण कार्यालयातल्या नेमणूक अधिकारी बाईंचासुद्धा यावर विश्वास बसणार नाही.

त्यांना सगळे ठिगळबाई म्हणत. पाठीमागेच म्हणत, पण इतक्या मोठ्यानं की तोंडावर म्हणायला काही शिल्लक राहत नसे. शाळांना शिक्षक पुरवणं हे बाईंचं काम, आणि शिक्षक निघून जायचे ते नेमके शाळा उघडायच्या तोंडावर. मग तहान लागल्यावर विहीर खणायला निघावं तशा बाई फोन घेऊन बसायच्या. तोवर शिकलेसवरलेले सगळे शेजारच्या जिल्ह्यांनी उचललेले असायचे. उरेल त्याचं ठिगळ लावायचं. चित्रकलेच्या बाई भूगोल शिकवायच्या, कारण नकाशे त्यांना झकास रंगवता येत. ग्रंथपाल व्याकरण शिकवायचा आणि कुणी उत्तर द्यायला तोंड उघडलं की सवयीनं ओठांवर बोट ठेवायचा. मोठ्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे पीटीचे सर, पोरांच्या भाषेत शिट्टीसर. वेग समजावायचा तर ते वर्गाला मैदानाभोवती पळवत. त्वरण समजावायचं तर आणखी जोरात पळवत. घर्षणाच्या धड्याला सगळ्यांचे गुडघे सोलवटले. विजेचा धडा जवळ आला तेव्हा पालकच हात जोडून दारात उभे राहिले.

त्या वर्षी वरून निरोप आला. पुढच्या वर्षी शाळा उघडेल त्या दिवशी भौतिकशास्त्राला पात्र शिक्षक नसेल, तर मोठ्या शाळेतले विज्ञानाचे वर्ग बंद. ज्याला शिकायचं त्यानं बसनं पलीकडच्या शहरात जावं. बाईंना पुढचं सगळं दिसलं. मुलं जातील, मुलींना घरचे म्हणतील, एवढ्या लांब कशाला, इथं दुसरं काहीतरी शीक. म्हणजे आपण एक फोन उशिरा केला म्हणून निम्म्या वर्गाचं आयुष्यच दुसऱ्या रुळावर जायचं.

त्या शाळाशाळांतून फिरल्या. एकच प्रश्न विचारत होत्या: पुढच्या वर्षी कोण कोण जाणार? कुणीच जाणार नव्हतं. सगळ्यांचा शाळेवर आणि मुलांवर जीव होता, आणि शेवटच्या घंटेपर्यंत खडू खाली ठेवायचा नाही अशी प्रतिज्ञा होती. दर वर्षी अशीच प्रतिज्ञा असायची आणि दर वर्षी चार जण गाशा गुंडाळून जायचे.

या लपवाछपवीचं कारण बाईंना एका शाळेच्या शिपायानं सांगितलं. त्या जिल्ह्यात रीतच पडली होती. अमुक मास्तर जाणार अशी नुसती कुणकुण लागली, की दुसऱ्या दिवशी त्यांची खिडकीजवळची खुर्ची कुणीतरी ओढून नेलेली असायची, कपाटाला नवं कुलूप लागायचं, आणि वेळापत्रकातले दुपारचे पेंगुळलेले तास त्यांच्या गळ्यात पडायचे. आधीचे भौतिकशास्त्राचे सर तर शेवटच्या दिवशी छत्री विसरलो म्हणून आत गेले आणि मागच्या दारानं परगावी पसार झाले.

बाईंनी ठिगळाची सुई ठेवली आणि अख्खं कापडच विणायला घेतलं. फर्मान निघालं: हिवाळ्याच्या सुट्टीआधी जो सांगेल की मी जाणार, त्याची खुर्ची, कपाट आणि सकाळचे तास जाईपर्यंत त्याचेच. शिवाय त्याच्या हाताखाली एक उमेदवार मिळेल. उमेदवार दिवसा वर्गात शिकेल, संध्याकाळी अध्यापनाची पदवी पुरी करेल, आणि पुढच्या वर्षी ती जागा घेईल. वह्याही तोच तपासेल.

वह्यांचं नाव निघालं आणि अनर्थ झाला. सुट्टीच्या आत अख्ख्या जिल्ह्यातले शिक्षक नोकरी सोडायला निघाले. कालपर्यंत ज्यांचा शाळेवर जीव होता त्यांना एकदम म्हातारे आईवडील आठवले, गुडघे आठवले, परदेशातली लेक आठवली. नुकत्याच लागलेल्या एका तरुणानं वार्धक्याचं कारण दिलं.

एवढे उमेदवार आणायचे कुठून? बाई बाहेरगावी गेल्याच नाहीत. आपल्याच गावात पदव्या कुठे कुठे दडल्यात ते हुडकत त्या दुकानं आणि बँका पालथ्या घालू लागल्या. चष्म्याच्या दुकानात त्यांना मालकीणबाईंची सून भेटली. भौतिकशास्त्र घेऊन शिकलेली, पण शिकवण्याची पदवी नाही. अक्षरं का फुटतात हे तिनं असं काही समजावलं, की चांगले डोळे घेऊन गेलेल्या बाई दोन चष्मे घेऊन बाहेर आल्या.

सून तयार होती, पण सासूपुढे बोलेना. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "न्या हो हिला. ही बोलायला लागली की गिऱ्हाईक चष्मा विसरून ऐकतच बसतं. दुकानाची शाळा झालीय नुसती."

"आणि गल्ल्यावर कोण बसेल?" बाईंनी विचारलं.

"मी काय मेले की काय?"

अशी ही चष्मेवाली शिट्टीसरांच्या हाताखाली गेली. सरांना भौतिकशास्त्र येत नव्हतं, तिला वर्ग आवरत नव्हता. पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून कुणीतरी मांजराचा आवाज काढला तशी ती रडकुंडीला आली. सरांनी तिला व्हरांड्यात नेऊन सांगितलं, "ताई, ओरडायचं नाही. ओरडलं की पोरांना कळतं, आपला दम संपला. गप्प राहायचं आणि त्या बाकाजवळ जाऊन उभं राहून शिकवायचं." त्याच्या बदल्यात तिनं सरांना भिंगं शिकवली. संध्याकाळी ती पदवीच्या वर्गाला बसायची. परीक्षेच्या दिवसांत सासूबाई तिच्या हातातलं फडकं काढून घ्यायच्या आणि आतल्या खोलीत पिटाळायच्या.

मग उजाडला तो शाळा उघडायचा दिवस. आणि काय सांगावं, जाणार म्हणालेल्यांपैकी कुणीही हललं नाही. वह्या तपासणारं माणूस सोडून जातो कोण? नवेही हजर, जुनेही हजर. एका वर्गाला दोन दोन मास्तर, एका फळ्यावर दोन खडू. शिट्टीसर तेवढे भौतिकशास्त्रातून सुटले आणि आनंदानं मैदानाला सात फेऱ्या मारून आले. वरून आलेले तपासनीस रिकामा वर्ग शोधून शोधून दमले. शेवटी चष्मेवालीच्या वर्गात बाकावर टेकले, अपवर्तनाचा धडा पुरा ऐकला आणि उठताना म्हणाले, माझ्यासाठीही एखादी जागा बघा. शिक्षक इतके झाले की मुलं कमी पडली. तेव्हा ठिगळबाईंनी शेजारच्या जिल्ह्याला फोन लावून बसभर पोरं उसनी मागवली, आणि ती पोरं उतरताच दोघादोघा मास्तरांनी एकेकाचा हात धरून...

"खोटं." गणिताच्या नव्या बाई चहाचा कप खाली ठेवत म्हणाल्या. त्या आजच रुजू झाल्या होत्या. "उसनी पोरं नव्हती आणि दोन मास्तरही नव्हते. मी तेव्हा त्याच वर्गात शिकत होते. शिकवायला एकट्या चष्म्याच्या दुकानातल्या बाईच होत्या, आणि आवाज असा कापत होता की पहिलं वाक्य आम्हाला ऐकूच आलं नाही. मग त्या चालत मागच्या बाकाजवळ येऊन उभ्या राहिल्या, माझ्या शेजारी, आणि तिथून शिकवायला लागल्या."