खुणेचा कान

मी पत्र्याची पाटी, सिगारेटच्या जाहिरातीची. सध्या मुक्काम सांगलीत, ग्राहकांची गाऱ्हाणी ऐकणाऱ्या मंचाच्या कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून. पण आटपाडीच्या एस.टी. स्टँडसमोर, नाथाजीच्या पानटपरीवर होते तेव्हा माझा काय तोरा होता म्हणून सांगू!

माझ्यावर एक देखणा गडी रंगवलाय. कोट, कोरलेली मिशी, बोटांत सिगारेट आणि चेहऱ्यावर असं हसू, की दुष्काळातही बघणाऱ्याला बरं वाटावं. त्याच्या पायाशी मुंगीएवढ्या अक्षरांत 'आरोग्यास अपायकारक' असंही लिहिलंय. ते वाचायला कुणी वाकल्याचं मला आठवत नाही.

सिद्धू धनगर दर बाजाराला यायचा. सिगारेट शिलगावली की माझ्याकडे बघून मिशीला पीळ भरायचा. "नाथाजी, ह्यो गडी लय सुखी दिसतोय रं!" म्हणायचा. मलाही तो आवडायचा. पुढं तो खोकू लागला, वाळत गेला. मिरजेच्या डॉक्टरांनी फुफ्फुसाचा कॅन्सर सांगितला, तोवर फार उशीर झाला होता. त्या दिवाळीनंतर मेंढरं घाटाखाली निघाली, ती सिद्धूशिवाय.

त्याची बायको अंबूबाई एका दुपारी टपरीपुढं येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता दगड बसणार. तिनं शांतपणे विचारलं, "नाथाजी, ही पाटी देतोस?"

"कशाला वं अक्का?"

"कंपनीवर केस घातलीया. धन्याच्या मरणाचा जाब इचारायचाय."

नाथाजीला हसू फुटलं. "आवं, हत्तीला मुंगी चावून काय हुतंय?"

"चावून तर बघू."

नाथाजीचं हसू विरलं. त्यानं पक्कड आणली आणि माझे खिळे उपसून दिले.

मंचापुढं कंपनीचे वकील गोड आवाजात म्हणाले, "पाकिटावर सूचना छापलेली असते. मयतावर कुणी जबरदस्ती केली नव्हती. स्वतःच्या मर्जीनं ओढली." अंबूबाईच्या बाजूनं कवठे महांकाळचे मिलिंद वकील बोलायला उठणार, तोच ती स्वतःच उठली. घोंगड्यात गुंडाळलेल्या मला तिनं बाहेर काढून टेबलावर ठेवलं.

"सायब, आमच्यात दुसऱ्याचं मेंढरू राखणीला घेत्यात. ते रानात मेलं, तर राखणारा त्येचा मालकाची खूण कातरल्याला कान, खुणेचा कान, कापून आणतो, मालकापुढं ठिवतो आन् कसं मेलं ते तोंडानं सांगतो. न्हाई आला, तर भरपाई त्येच्यावर. माजा माणूस ह्येंच्या रानात मेला. कान घिऊन ह्येंनी यायचं हुतं. आली न्हाईत, म्हून मीच घिऊन आले."

पत्र्यालाही शहारा येतो, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं स्टँडवर काढली. सुटं नाही म्हणून कंडक्टरशी भांडणारे बघितले, मिरजेच्या दवाखान्यातून 'नशिबात हुतं' म्हणत प्रेतं घेऊन येणारेही बघितले. पण मरणाचा जाब मागणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. मी तिच्यापुढं दिपून गेले.

मग तिनं सगळ्यांकडं निरखून बघितलं. "ह्यातला कंपनीचा मालक कोण?"

मिलिंद वकील हळूच म्हणाले, "मावशी, मालक येत नसतात. त्यांचे वकील येतात."

तिला ते पटेना. राखणारा स्वतः आल्याशिवाय निवाडा कसा होणार? "मग मी थांबते," म्हणाली आणि तिथंच फरशीवर बसली.

अध्यक्षांनी मला पुरावा म्हणून ठेवून घेतलं, कंपनीला खुलासा मागितला आणि पुढची तारीख दिली. त्यानंतर तारखा पडतच गेल्या. प्रत्येक तारखेला ती आटपाडीहून येते. शिपायाला सांगून मला भिंतीकडून वळवते आणि विचारते, "आला का रं तुजा मालक?"

मालक, तुम्ही कुठंही असा, एकदा या. तिच्यापुढं उभे राहा आणि तिचा माणूस कसा मेला ते तोंडानं सांगा. मी सगळं बघितलंय, पण तुम्ही मला तोंड दिलंत ते फक्त हसायला. ती समोर उभी राहून विचारते, आणि मी हसतेच आहे.