हौदावर नेलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुना क्लोरोस्कोप आहे. नाव ऐकून बिचकू नका. मी म्हणजे एक लहानशी लाकडी पेटी. माझ्या पोटात दोन काचेच्या नळ्या, फिक्यापासून गडदापर्यंत पिवळ्या काचांची एक पट्टी आणि औषधाची तपकिरी बाटली. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली की काही वेळानं ते पाणी माझ्या नळीत घ्यायचं आणि औषधाचे थेंब सोडायचे. पाणी फिकं पिवळं झालं तर त्यात क्लोरीन शिल्लक आहे, खुशाल प्या. रंग गडद आला तर पावडर जास्त झाली. आणि रंग बदललाच नाही तर ते पाणी तोंडाला लावू नका. एवढंच माझं काम. मला खोटा रंग दाखवता येत नाही.

मुरुमच्या बाजूच्या एका लहान गावात माझी नेमणूक झाली. तिथले आरोग्य सेवक मच्छिंद्र मला खांद्याच्या पिशवीतून रोज विहिरीवर नेत. त्यांचं घर गावाच्या बौद्ध वस्तीत होतं. नोकरी लागलेला त्यांच्या घरातला हा पहिलाच माणूस, त्यामुळे ते कामात कुचराई करत नसत. ते विहिरीवर आले की बाया घागरी खाली ठेवून थांबत. नळी उन्हात धरली जाई, तिच्यात फिका पिवळा रंग उतरे आणि मच्छिंद्र म्हणत, "भरा आता." मग पोहरे विहिरीत सुटत. त्या दोन शब्दांत मला माझी सगळी किंमत मिळत असे.

मग दुष्काळ आला. गावातल्या विहिरी एकेक करून आटल्या आणि साऱ्या गावाला एकच विहीर उरली. तिच्या तळाशी गढूळ पाणी झिरपे. अशा पाण्याला तर रोज पावडर हवी, रोज तपासणी हवी. नेमकी त्याच उन्हाळ्यात मला विहिरीवरून उचलण्यात आलं. ते आठवलं की आजही माझ्या नळ्या तडकतील असं वाटतं.

गावाबाहेर हिंमतरावांचा बंगला होता. हिंमतराव एका सहकारी संस्थेचे चेअरमन. त्यांनी अंगणात पोहण्याचा मोठा हौद बांधला होता, निळ्या फरशीचा. त्यांच्या बोअरला पाणी लागलं ते खारं. कुणी विचारलं तर ते सांगत, "खारं पाणी आहे, पिण्याच्या कामाचं न्हाय. म्या कुणाच्या तोंडचं पाणी घेतलं न्हाय."

हे खरं होतं. पण पुढचं ते सांगत नसत. उघड्या हौदातलं पाणी आठवड्यात हिरवं पडे. ते निळं ठेवायला पावडर लागे. आणि मित्रांनो, कडक उन्हात पाण्यातला क्लोरीन टिकत नाही, सकाळी टाकलेला दुपारपर्यंत उडून जातो. म्हणून रोज नवी पावडर. कमी पडली तर शेवाळ, जास्त झाली तर पाहुण्यांचे डोळे चुरचुरायचे. हिंमतरावांकडे पाहुणे मोठमोठे येत. तेव्हा त्यांनी तालुक्याच्या साहेबांच्या कानावर घातलं आणि साहेबांचा निरोप आला : पावडरीची पोती आणि पेटी घेऊन मच्छिंद्र यांनी काही दिवस बंगल्यावर जावं.

मच्छिंद्र हिंमतरावांसमोर उभे राहिले. "मालक, गावाच्या विहिरीला काय टाकू? पोती तर सगळी हितं आलीत."

"नवीन येतील की. साहेबाला सांगितलंय म्या."

"येईस्तोवर?"

"येईस्तोवर उकळून प्या म्हणा."

उकळून! सरपण नाही, गोवऱ्या नाहीत, दिवसभर खडी फोडून आलेल्या बायांच्या पायात उभं राहायचं त्राण नाही, आणि पाणी उकळून प्या. मच्छिंद्रांनी तालुक्याला जाऊन साहेबांकडे तक्रार केली. साहेब म्हणाले, नोकरी सांभाळा.

मी रोज त्या निळ्या हौदाच्या काठावर उघडली जाऊ लागले. माझ्या नळीत सुरेख पिवळा रंग उतरे. पाहुणे म्हणत, "वा, काय स्वच्छ पाणी." मला त्या कौतुकाची चीड येई. पण रंग थांबवणं माझ्या हातात नव्हतं.

विहिरीवर मात्र बाया थोडा वेळ वाट बघत आणि कुणीच आलं नाही की घागरी भरून निघून जात. थोड्याच दिवसांत गावात जुलाब-उलट्यांची साथ आली. आधी म्हातारी माणसं, मग लेकरं पडली. रोजगार हमीच्या कामावर मुक्ताबाई आणि तिची धाकटी जाऊ गजराबाई जोडीनं खडी फोडत. एके सकाळी गजराबाई कामावरच वाकली आणि पुन्हा सरळ झाली नाही. मुक्ताबाईनं तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मांडीवर घेऊन दवाखान्याकडे नेलं. गजराबाई सारखं पाणी मागत होती. दवाखाना यायच्या आतच ती गेली. तिचं लेकरू अजून अंगावर पीत होतं.

हे मला हौदाच्या काठावर कळलं. मच्छिंद्र माझी नळी धुताना स्वतःशीच बोलत होते. तिथून ते उठले ते तडक गावात गेले, घरोघरी फिरून मीठ-साखरेचं पाणी पाजत राहिले. मला मात्र बंगल्यावरून हलवू दिलं नाही.

साथीचा बोभाटा झाला तेव्हा चौकशीला जिल्ह्याहून एक अधिकारी आले. ते थेट बंगल्यावर उतरले. हौदाजवळच्या मांडवात खुर्च्या टाकल्या होत्या. हिंमतराव म्हणाले, "साहेब, माणूस नेमलेला आहे. त्यानं विहिरीकडं ध्यान दिलं न्हाय, त्याला कोण काय करणार?" मच्छिंद्र एका बाजूला मान खाली घालून उभे होते. इतका राग मला कधी आला नव्हता.

तेवढ्यात मुक्ताबाई आली. तिच्यामागं पाच-सहा बाया होत्या. तिच्या डोक्यावर भरलेली घागर होती. ती घागर तिनं अधिकाऱ्यांच्या पुढ्यात उतरवली, तांब्या भरला आणि पुढं धरला.

"साहेब, पाणी प्या. लांबून आलाव."

"कुठलं पाणी आहे?"

"गावातल्या विहिरीचं."

अधिकाऱ्यांनी हात मागं घेतला. "बाई, साथ चालू आहे. तपासल्याशिवाय मी पीत नाही."

मुक्ताबाईचा आवाज चढला नाही. "मग आमच्या गजराला तपासल्याबिगर का पाजलं? तेवढं सांगा."

हिंमतराव काही म्हणू लागले, तशी मुक्ताबाई त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "तपासायची पेटी गावात न्हाय साहेब. ती बघा, तिथं हौदावर हाय. तपासा की आता. दोन्ही पाणी तपासा."

अधिकारी स्वतः उठले. त्यांनी माझ्या एका नळीत हौदाचं पाणी घेतलं, दुसरीत घागरीतलं. दोन्हींत औषध टाकलं. हौदाची नळी पिवळीधमक झाली. घागरीच्या नळीत काहीच झालं नाही. त्यांनी दोन्ही नळ्या शेजारी धरल्या आणि पुष्कळ वेळ तशाच धरून ठेवल्या. मग मुक्ताबाईला म्हणाले, "पेटी घेऊन जा. पोतीसुद्धा."

बायांनी पोती डोक्यावर घेतली. मला मुक्ताबाईनं घागरीवर ठेवून आणलं. त्याच दिवशी विहिरीत पावडर पडली आणि साथ हळूहळू ओसरली.

मित्रांनो, न्याय झाला असं तुम्हाला वाटेल. नाही झाला. बदली झाली ती मच्छिंद्रांची, लांब दुसऱ्या तालुक्यात. तालुक्याच्या साहेबांना कुणी काही विचारलं नाही. हिंमतराव गजराबाईच्या दारात एकदाही गेले नाहीत. पुढं गावाला नळाची टाकी झाली तेव्हा उद्‌घाटनाला तेच होते, आणि शुद्ध पाण्याचं महत्त्व यावर बराच वेळ बोलले. बायांच्या रांगेत मुक्ताबाई गजराबाईच्या लेकीचा हात धरून उभी होती. भाषण संपायच्या आत ती घरी निघून गेली.

आता मी ग्रामपंचायतीच्या कपाटात जुन्या पताकांखाली पडून आहे. माझी एक नळी फुटली, औषध वाळून गेलं. नवीन बाटली आणायचं कुणाच्या मनात येत नाही. नळ आला म्हणजे पाणी शुद्ध झालं, असं सगळे समजतात. टाकीजवळ पावडरीचं पोतं तोंड उघडं पडलंय. हवा लागून त्याचा गुण गेलेला आहे, तरी तेच पाण्यात टाकतात.

माझी कीव करू नका, मित्रांनो. फक्त एक करा. पावडर कोरड्या जागी, तोंड बांधून ठेवायला सांगा. आणि रोज सकाळी नळाला पाणी आलं की पंचायतीत जाऊन विचारा, आज पाणी तपासलं का? ते रागावतील. रागावू द्या. उत्तर मिळेपर्यंत दारातून हलू नका.