तिरप्या डोळ्यांची जीप

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे, आणि आधीच सांगते, माझा कोणावर पटकन विश्वास बसत नाही. जाफराबादहून जालन्याला माणसं नेण्यात माझं आयुष्य गेलं. जालन्याजवळ पोलादाचे कारखाने आहेत. तिकडे भंगाराने भरलेले ट्रक जाताना मी रोज पाहते. त्यांत माझ्यासारख्यांची दारं असतात, बोनेटं असतात. म्हणून कोणी मला जरा निरखून पाहिलं, की मला वाटतं, हा भंगारवालाच.

नवी होते तेव्हा मी अशी नव्हते. माझे मालक मच्छिंद्र यांनी नारळ फोडला होता, गल्लीभर पेढे वाटले होते. लोक माझ्या टपावरही हौसेने बसत. पुढे रंग उडाला, पत्र्याला पोचे आले, बोनेट सुतळीने बांधायची वेळ आली. आता प्रवासी चढतानाच नाक मुरडतात.

यंदा दसऱ्याच्या तोंडावर मच्छिंद्र फोनवर कोणाला तरी म्हणाले, "हां, जीप इकायचा इचार करून राह्यलो. येऊन बघून जा."

त्याच दुपारी त्यांची मुलगी गंधाली कागद-पेन्सिल घेऊन आली. माझ्याभोवती फिरली, पोचे चाचपले, खाली वाकून चाकं पाहिली. माझ्या मनात पाल चुकचुकली. बापाने हिलाच पाहणीला धाडलेलं दिसतंय! मी अंग चोरून उभी राहिले. एवढीशी पोर, पण मला तिचा भारी राग आला.

दसऱ्याला मला धुतलं, झेंडूचा हार घातला. गंधालीने तो कागद वडिलांच्या हातात दिला. "पप्पा, बघा ना."

"लई भारी," ते न बघताच म्हणाले. पूजेची घाई होती. त्यांनी कागद बोनेटवर पालथा टाकला आणि कोऱ्या बाजूवर हळदकुंकू काढून ठेवलं. गंधालीने कागदाकडे नेलेला हात मागे घेतला.

शेजारच्या झुंबरबाईंनी ते पाहिलं. "आरं मच्छिंद्र, लेकराचं चित्र है ना ते!" त्यांनी हळदकुंकू तळहातावर घेतलं, कागद उलटला आणि गंधालीला जवळ ओढलं. "सांग बरं माय, काय काय काढलंस?"

"ही आपली जीप. हा पोचा पोळ्याला बैलानं शिंग मारल्तं तो. अन् ही मागची शीट. मी झाले तवा आई मला दवाखान्यातून घेऊन आल्ती, ती."

मच्छिंद्र पुढे आले. "अन् हिचे डोळे असे तिरपे का गं?"

"तिला सगळ्यांचाच शक येतो ना, म्हणून."

मित्रांनो, मी ओशाळले. जिच्यावर मी संशय घेतला, तिनेच मला बरोबर ओळखलं होतं.

मच्छिंद्रांनी हात पुसले, चित्र दोन्ही हातांनी धरलं आणि कितीतरी वेळ पाहत राहिले. मग ते समोरच्या काचेला आतून चिकटवलं. बाहेरून कुंकवाचा डाग तेवढा दिसतो. संध्याकाळी फोन आला तेव्हा ते म्हणाले, "आत्ता न्हाई देत. बघू मंग." हे 'मंग' कधी उगवेल याची धास्ती मला अजून आहेच.

तुमच्या घरातलं लहान भावंड चित्र घेऊन आलं, तर नुसतं 'छान' म्हणून सुटू नका. हात पुसा, बसा, आणि काय काय काढलंय ते त्याच्याच तोंडून ऐका. माझे डोळे अजून तिरपेच आहेत. पण गंधाली पेन्सिल घेऊन आली, की आता मी अंग चोरत नाही.